बेटावरचा नवरा आणि स्टेटसवरचा समुद्र

काकू, नमस्कार. लग्नाला आठ वर्षं झाली. हे लष्करात नायक आहेत. आधी राजौरीला होते, मग बबीनाला, आणि गेल्या नोव्हेंबरपासून युनिटची एक तुकडी निकोबारच्या एका बेटावर आहे, त्यात हे गेलेत. मी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये सासूबाई आणि सहा वर्षांच्या मुलीबरोबर राहते, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. सासूबाईंचे गुडघे गेलेत, सगळं मलाच बघावं लागतं. हे समुद्राचे फोटो पाठवतात. एक-दोन मी स्टेटसला ठेवले तर नणंद सगळ्यांसमोर म्हणाली, “दादाची मजा आहे, सरकारी खर्चानं हनीमून, बायको तेवढी घरी!” सगळे हसले. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. राजौरीला जीव टांगणीला लागायचा, पण हे तासतासभर बोलायचे. इथे धोका नाही, तर बोलायलाच काही नाही. रात्री दहाला फोन लावते, पलीकडून “हं”, “बरं”, “ठीक”. मागच्या महिन्यात रागानं दोन दिवस फोन उचलला नाही, तर ‘का’ म्हणून विचारलंसुद्धा नाही. सासूबाई ‘पोरगा काळ्या पाण्यावर गेला’ म्हणतात आणि त्सुनामीचं नाव काढून रडतात. नोकरी सोडून मुलीला घेऊन तिकडे जाऊ का? की ह्यांना कंपॅशनेट पोस्टिंग, म्हणजे घरच्या अडचणीसाठी मिळणारी बदली, मागायला सांगू?
– एक सैनिकपत्नी, इंदूर

आधी रात्री दहाचा फोन बंद कर. बाकीचं मग बोलू.

निकोबार आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की तिथल्या घड्याळाचं आणि सूर्याचं जमत नाही. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, सूर्य ज्याचा-त्याचा. आता जुलैत इंदूरला सव्वासातला दिवस मावळतो, तिकडे पावणेसहालाच तिन्हीसांज होते. पहाटे पाचलाच उजाडतं, त्यामुळे उठणं, दाढी, बूट, पीटीला रांगेत उभं राहणं, सगळं त्याच्याही आधी अंधारातच सुरू होतं. संध्याकाळी अंधार पडल्यावर बेटावर करायला काय असतं? रोल कॉल, लंगरमधलं जेवण आणि मच्छरदाणी. तू ओटा पुसून, मुलीचं दप्तर भरून, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावून दहाला मोकळी होतेस आणि फोन लावतेस, तेव्हा तो माणूस अर्धा झोपेत असतो. त्याच्या ‘हं’मध्ये तुला दुरावा ऐकू येतो, मला नुसती झोप ऐकू येते. राजौरी आणि इंदूर नकाशावर जवळपास वर-खालीच आहेत, तिथे हा घोळ नव्हता.

तेव्हा त्यालाच विचार, “तुम्हाला कधी जमतं?” बहुतेक दुपारच्या जेवणानंतरची वेळ सांगेल, नाहीतर संध्याकाळचे खेळ सुटल्यावर पाचच्या सुमारास. तू तेव्हा शाळेतून परतताना रिक्षात असशील. असू दे. रिक्षातली दहा मिनिटं चांगली जातील.

दोन दिवस फोन न उचलण्याबद्दल काय सांगू? त्याला बहुधा पत्ताच लागला नसेल. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे 2300 किलोमीटरची केबल 10 ऑगस्ट 2020 ला सुरू झाली, तोपर्यंत त्या बेटांचं सगळं बोलणं उपग्रहाच्या भरवशावर होतं. आता केबल कार निकोबार, कामोर्टा, ग्रेट निकोबारपर्यंत पोचली आहे, पण बेटावर पोचली म्हणजे चौकीवर पोचली असं होत नाही. टॉवर असतो वस्तीपाशी, आणि तुकडी असते झाडीच्या पलीकडे. ड्यूटीवर तर फोन जवळ बाळगण्याचीही बऱ्याचदा परवानगी नसते. फोन न लागणं ही तिथली नेहमीचीच गोष्ट. तू त्याला दोन दिवस शिक्षा केलीस आणि त्याला वाटलं, नेटवर्क गेलंय. भोगली ती तूच.

आता त्या फोटोंकडे वळू. तुझा नवरा तुला समुद्रच का पाठवतो, याचा कधी विचार केलास? कारण दुसऱ्या कशाचा फोटो काढायची त्याला सोय नाही. छावणीचा नाही, जेट्टीचा नाही, गाड्यांचा नाही, हत्याराचा नाही. तिथल्या आदिवासींचे फोटो काढायला तर कायद्यानंच बंदी आहे. एवढं सगळं वगळल्यावर चौकटीत जे उरतं ते पाणी, आकाश आणि एखादा माड. त्याला तुला काहीतरी दाखवायचं असतं आणि दाखवता येण्याजोगं तेवढंच असतं. तू ते बघून म्हणतेस, हा मजा करतोय.

चौकटीबाहेर काय आहे ते मी सांगते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे पाऊस लागतो, केरळच्याही आधी. आपल्याकडचा पाऊस ओसरला की तिकडे परतीचे वारे पुन्हा पाणी घेऊन येतात, ते डिसेंबरपर्यंत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे इंदूरच्या तिप्पट पाऊस. धुतलेली वर्दी वाळत नाही, नुसती थंड होते. कपाटातल्या बुटांवर चार दिवसांत हिरवट बुरशी चढते. पट्ट्याचं बक्कल काळं पडतं. मीठ डब्यात पाणी सोडतं, काडेपेटी ओढली तर काडीचा गूल नुसता चुरगळतो. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून रायफल वापरली असो की नसो, तेल-चिंधी रोज. त्यात सॅंडफ्लाय नावाची बारीक माशी आहे. चावते तेव्हा कळत नाही आणि मग आठवडाभर खाजवत बसावं लागतं. जांघेत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत दाद, म्हणजे नायटा, होते, आणि पुरुषमाणसं हे बायकोलासुद्धा सांगत नाहीत. आणि तो निळाशार समुद्र? कित्येक खाड्यांमध्ये आणि किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, सावधगिरीच्या पाट्या लावलेल्या असतात. समोर एवढं पाणी असून पाय बुडवायची चोरी.

जेवणाचंही तसंच. ताजी भाजी, दूध, अंडी हे सगळं जहाजानं येणार. समुद्र खवळला की जहाज नाही आणि जहाज नाही म्हणजे बटाटा, कांदा, डाळ, पुन्हा बटाटा. बेटावर जहाज लागलं ही बातमी असते. आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघाल्या की गाव लोटतं, तसे लोक जेट्टीवर बघायला जातात.

आमचे हे भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. जुलै 1987 च्या करारानंतर आपली फौज तिथे उतरली आणि मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली. मधल्या काळात अकराशेहून जास्त जवान गेले. तेव्हा अंतर्देशीय पत्र हाती पडेपर्यंत त्यातली खुशाली शिळी झालेली असायची. आणि त्याच दिवसांत भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, शेजारच्या गॅलरीतून बायका मला विचारायच्या, “सोन्याची लंका आहे म्हणे, टू-इन-वन रेडिओ-टेप आणणार का?” वाईट मनाच्या नव्हत्या त्या. बेट म्हटलं की माणसांना नारळ दिसतो, त्याला इलाज नाही. तुझ्या नणंदेलाही तोच दिसतो. पुढच्या वेळी तिला हसत म्हण, “ताई, तिथे कपडे वाळत नाहीत, पाठवायला सांगू का तुमच्याकडे?” सगळ्यांसमोरच म्हण. टोमणा सगळ्यांसमोर मारला होता ना, मग उत्तर कोपऱ्यात कशाला?

आणि स्टेटस बंद. हे मात्र मी थट्टेत सांगत नाही. जवान कुठे आहे, केव्हा निघाला, केव्हा पोचणार, यातलं काहीही फोनवर चारशे लोकांना दाखवायचं नसतं. तू पत्रात बेटाचं नाव लिहिलं होतंस, ते मी इथे गाळलं आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं तर ‘अंदमानकडे आहेत’ एवढं पुरे.

राजौरीत तो तासभर बोलायचा आणि इथे का बोलत नाही, याचं आणखी एक कारण मला दिसतं. राजौरीत भीती होती. भीतीला विषय शोधावा लागत नाही, नुसता आवाज ऐकला तरी बरं वाटतं. बेटावर असतो कंटाळा, आणि कंटाळ्याची बातमी होत नाही. काल जे केलं तेच आज, समोर तेच पाणी, त्याच चेहऱ्यांशी तेच विनोद. शिवाय तक्रार कुठल्या तोंडानं करणार? त्याच्याच कोर्सचा कोणी सियाचीनला बर्फात बसलाय. इथे बायको नोकरी, आई, मुलगी सगळं ओढतेय. अशा वेळी शहाणा माणूस ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. आणि तूही तेच करतेस, पत्रातून दिसतंय. त्याला गुडघ्यांचं सांगत नाहीस, टोमण्याचं सांगितलं नाहीस, ‘सगळं ठीक’ म्हणतेस आणि मग तो बोलत नाही म्हणून रुसतेस. दोघंही एकमेकांना सांभाळताय आणि फोनवर सांभाळण्याखेरीज काही उरलं नाही.

म्हणून ‘जेवलात का, कसे आहात’ सोड. त्याचं उत्तर ‘हो’ आणि ‘ठीक’ याच्यापलीकडे जातच नाही. विचार, आज जहाज आलं का? काय भाजी उतरली? बुटांना बुरशी लागली की नाही? शेजारच्या खाटेवर कोण आहे, घोरतो का? लंगरवाला पोहे करतो का, आणि त्यात साखर घालतो का? इंदूरच्या माणसाला पोह्यांवरून बोलतं करता आलं नाही तर मग कठीणच आहे. आणि त्याला घरातलं काम दे. गणपतीची आरास काय करायची, मुलीला सायकल यंदा घ्यायची की पुढच्या वर्षी, गॅलरीला जाळी बसवायची का, हे त्याला ठरवू दे. त्याचा निर्णय तुला पटला नाही तर भांड. भांडणानं फोन लांबतो.

मुलीसाठी एक सुचवते. तिनं समुद्र पाहिलेला नाही, असं धरून चालते. त्याला सांग, रोज भरतीची वेळ कळव. बेटावर जहाजं आणि होड्या भरतीच्या वेळेवरच चालतात, म्हणजे त्याला ती सहज मिळेल. मुलीनं ती भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथीशेजारी लिहायची. आठवड्याभरात तिच्या लक्षात येईल की भरती रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बाबांना विचारायचं, पाणी आज किती वर आलं, आणि अष्टमीला पुन्हा विचारायचं. मोठ्या भरतीचं उधाण आणि लहान भरतीची भांग हे शब्द कोकणातल्या पोरांना घरात मिळतात, माळव्यातल्या पोरीला ते बाबांकडून मिळतील. तोही रोज एकदा तिच्यासाठी पाण्याकडे बघेल, नुसता फोटो काढायला नव्हे.

आता तुझे दोन प्रश्न. नोकरी सोडू नकोस. निकोबार गटात बाहेरच्या माणसाला असंच जाता येत नाही. 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली पास लागतो, आणि तुकडीवर गेलेल्या जवानाला तिथे फॅमिली क्वार्टर मिळेल अशी आशा धरून इथलं घर मोडणं शहाणपणाचं नाही. चौकशी करायचीच असेल तर सेपरेटेड फॅमिली क्वार्टरची कर. नवरा फील्डला असताना कुटुंबाला दुसऱ्या स्टेशनवर सरकारी घर मिळण्याची सोय आहे. महू तुझ्यापासून तासाभरावर आहे, तिथल्या स्टेशन हेडक्वार्टरला प्रतीक्षायादी किती आहे ते विचारून ठेव. अर्ज मात्र त्याच्या युनिटमार्फत जातो.

भेटायला जा, ते जरूर. पोर्ट ब्लेअरला – 2024 पासून श्री विजयपुरम म्हणतात – आपल्या नागरिकांना पास लागत नाही. इंदूरहून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे विमानानं जा. चेन्नईचं जहाज तीनेक दिवस घेतं, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन त्या वाटेला जाऊ नकोस. पावसात अजिबात नको. डिसेंबरअखेर शाळेला सुट्टी असते, त्यानंतर समुद्रही शांत होत जातो. त्याला आधी विचार, त्याची सुट्टी आणि बेटावरून पोर्ट ब्लेअरला येणारं जहाज या दोन्हींचा मेळ बसतो का. सुट्टी मंजूर होणं वेगळं आणि जहाजात जागा मिळणं वेगळं. तू तिकीट काढून बसशील आणि तो जेट्टीवर अडकलेला असेल, असं व्हायला नको. विमानाचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढ, चार पैसे जास्त गेले तरी.

कंपॅशनेट पोस्टिंगला माझा साफ नकार. ते घरात गंभीर आजार असेल, कोणी करणारं उरलं नसेल, कोर्टकचेरी असेल तर मागायचं असतं. कागद लागतात, चौकशी होते. नवरा फोनवर नीट बोलत नाही हे त्यात बसत नाही. आणि हे दार एकदा किरकोळ कारणासाठी ठोठावलं की उद्या सासूबाईंचं खरंच काही निघालं तेव्हा पुन्हा ठोठावायला जड जातं.

सासूबाईंचं रडणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या पिढीच्या कानात सेल्युलर जेल आणि सावरकरांचा कोलू एवढंच अंदमान आहे. त्यांना सांग, ग्रेट निकोबारमध्ये 1969 पासून सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली, पंजाबातली होती, महाराष्ट्रातलीही होती. फौजी माणसानं आपणहून जिथे घर केलं ती जागा काही जन्मठेपेची नसते. त्सुनामीबद्दल मात्र ‘काही होत नाही हो आई’ असं म्हणू नकोस, त्यांना ते पटणार नाही आणि खरंही नाही. 26 डिसेंबर 2004 ला कार निकोबारच्या हवाई तळावर शंभरावर जवान आणि त्यांच्या घरची माणसं गेली. ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची जमीन चारेक मीटर खचली, दीपगृहाच्या पायथ्याशी पाणी आलं. त्यानंतर 2007 मध्ये हैदराबादला त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र सुरू झालं, समुद्राच्या तळाशी मोजणारी यंत्रं बसली. तरी तिथला पहिला नियम साधाच आहे: जमीन जोरात आणि बराच वेळ हलली की इशाऱ्याची वाट न बघता उंचावर चढायचं. सासूबाईंना फोन दे आणि त्यांनाच विचारू दे, “तुझ्या बराकीपासून टेकडी किती लांब? रात्री वाट दिसते का? बॅटरी उशाशी ठेवतोस का?” आईला वाट नीट समजावून सांगताना त्याला स्वतःलाही ती पाठ होईल, आणि रडण्याऐवजी त्यांना रोज दटावायला एक विषय मिळेल.

एक गोष्ट तेवढी लक्षात ठेव. वेळ बदलून, प्रश्न बदलून महिना झाला तरी तो तसाच राहिला, झोप लागत नाही म्हणाला, पिणं वाढल्यासारखं वाटलं, ‘माझ्यावाचून काही अडत नाही’ असलं काही बोलला, तर रुसवेफुगवे बाजूला ठेवून त्याच दिवशी हालचाल कर. त्याच्या सुभेदार साहेबांचा नंबर तुझ्याकडे असलाच पाहिजे, नसेल तर आजच माग. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास आणि फुकट आहे, आणि लष्करातल्या लोकांसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाला. तूही त्यावर बोलू शकतेस, स्वतःसाठीसुद्धा.

पार्सल पाठवणार असशील तर बेसनाचे लाडू नकोत, तिथे पोचेपर्यंत खवट होतील. शेवही पिशवीत नको, वातड होते. पाठवायचीच तर लौंग शेव छोट्या-छोट्या सीलबंद पाकिटांत, म्हणजे एकावेळी एकच फुटेल. मेतकूट पाठव, सुकी लसणाची चटणी पाठव, आणि पोह्यांवरचा जीरावण मसाला तर भरपूर पाठव. उकडलेल्या बटाट्यावर जीरावण पडलं की बराकीतले सगळे तुझं नाव काढतील. सगळं स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भर, झाकणाभोवती टेप मार. सुती बनियन आणि चड्ड्या एक मापानं सैल पाठव. दादेचं मलम मात्र टीव्हीवरची जाहिरात बघून पाठवू नकोस, स्टेरॉइड असलेली मलमं दाद वाढवतात. त्याला युनिटच्या डॉक्टरला दाखवायला सांग, लाजू नको म्हणावं.

आणि सासूबाईंचे गुडघे. त्यांचं नाव त्याच्या अवलंबितांमध्ये लागलेलं आहे का ते आधी बघ. असेल तर खाजगी दवाखान्यात पैसे घालण्याआधी महूच्या मिलिटरी हॉस्पिटलला दाखव. सकाळी लवकर निघ, त्यांचं डिपेंडंट कार्ड आणि जुने एक्स-रे बरोबर घे. नाव लागलेलं नसेल तर इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचार, कुठले कागद लागतात ते सांगतील, आणि ते कागद गोळा करायचं काम दुपारच्या फोनवर त्याच्याकडे सोपव.